कुजवलेलं मत

(नालासोपारा पूर्वेच्या एका युवक शिबिरात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे. दिलेला विषय होता : ‘अध्यक्षीय वादसभा, नकारात्मक प्रचार आणि मतदार’.)



फळ्यावरचा विषय वाचून तुमच्यातले निम्मे हसले ते मी पाहिलं. बरोबरच आहे. इथे नळाची वाट बघत रात्र जाते, सकाळी विरार लोकलला लटकून जीव मुठीत धरून जायचं, आणि हा बाबा अमेरिकेच्या अध्यक्षाचं पुराण लावतोय. पण जरा थांबा. तिथली गोष्ट आधी सांगतो ती एवढ्यासाठीच की तिथे या शिवीगाळीचा हिशोब मांडून ठेवलाय. आपल्याकडे शिवीगाळ भरपूर, हिशोब कुणी ठेवत नाही. तो आज आपण ठेवू.

अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर उभे राहतात आणि वाद घालतात. २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत केनेडी आणि निक्सन पहिल्यांदा असे उभे राहिले. कल्पना चांगली होती : लोकांनी दोघांना एकाच वेळी तोलावं. आता ६४ वर्षं पुढे या. २७ जून २०२४, अटलांटा. एक ८१ वर्षांचा, दुसरा ७८ वर्षांचा. युद्ध, महागाई, दवाखाना, सगळं बाजूला राहिलं आणि दोघे म्हातारे गोल्फ कोण चांगला खेळतो यावर भांडले. खरंच भांडले. जग बघत होतं. महिन्याच्या आत बायडन शर्यतीतून बाहेर पडले.

मग १० सप्टेंबर २०२४, फिलाडेल्फिया. आता ट्रम्पसमोर कमला हॅरिस. ट्रम्प म्हणाले, ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात बाहेरून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं मारून खातात. साफ खोटं. गावच्या अधिकाऱ्यांनीही सांगितलं की असा काही पुरावा नाही. त्या रात्री वाद पाहणाऱ्यांची सीएनएनने पाहणी केली, तर ६३ टक्के म्हणाले हॅरिस जिंकल्या. आणि नोव्हेंबरात निवडून कोण आलं? ट्रम्प.

इथे थांबून तीन गोष्टी मनात ठेवा, पुढे लागतील. एक : वादात कोण जिंकलं हे लोकांना बरोबर कळतं. दोन : पण मत ते त्यावर देतातच असं नाही. तीन : फेकलेला चिखल पडला कुणावर? हॅरिसबाईंवर? नाही. तो पडला हैतीहून पोटासाठी आलेल्या, गोदामात आणि कारखान्यात राबणाऱ्या काळ्या माणसांवर. त्या गावातल्या शाळा आणि कचेऱ्या बॉम्बच्या धमक्यांनी रिकाम्या कराव्या लागल्या. भांडण दोन बड्यांचं, पळापळ पोरांची.

आता अभ्यासकांचं ऐका. १९९५ मध्ये अन्सोलाबेहेर आणि अय्यंगार या दोघांनी पुस्तक लिहून म्हटलं की शिवराळ जाहिरातींनी मतदार विटतो आणि घरी बसतो. बरीच वर्षं सगळे तेच बोलत राहिले. मग २००७ मध्ये लाउ, सिगेलमन आणि रोव्हनर या तिघांनी त्या विषयावरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. निघालं काय? शिवीगाळ केल्याने मतं वाढतात याला धड पुरावा नाही. लोक घरी बसतात यालाही धड पुरावा नाही. शिवी लक्षात राहते, एवढं खरं. ज्याच्यावर टीका केली त्याची प्रतिमा थोडी मळते, पण फेकणाऱ्याचे हातही मळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : ‘आपण काही करू शकतो’ हा लोकांचा विश्वास थोडा खाली जातो. सरकारवरचा भरवसाही खाली जातो.

म्हणजे मतदार येतो. रांगेत उभा राहतो. बोटाला शाई लावून घेतो. पण येताना घरी काहीतरी ठेवून येतो. काय ठेवून येतो, तेच मला आज सांगायचंय.

आपल्याकडे अशी वादसभा नाही. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना पत्र लिहून जाहीर वादाचं आमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला. वाद झाला नाही. आपल्याकडे वाद कसा होतो? एक पुढारी आज मैदानात बोलतो, दुसरा उद्या त्याच मैदानात उत्तर देतो. मधे मोबाइल. एकमेकांसमोर उभं राहायचं नाही, म्हणजे मधेच कुणी ‘पुरावा दाखव’ म्हणायला नको. सोय बघा कशी लावलीय.

तर आपली वादसभा. साल २०१८. पालघर लोकसभेची पोटनिवडणूक.

३० जानेवारी २०१८ ला भाजपचे खासदार चिंतामण वनगा वारले. जागा आदिवासींसाठी राखीव. मतदारसंघ केवढा? डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा, वसई. वरच्या टोकाला पाड्यात विहीर नाही, खालच्या टोकाला इमारतीत पाणी नाही. मे महिन्यात वनगांचा मुलगा श्रीनिवास शिवसेनेत गेला आणि उमेदवार झाला. भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं आणि उभं केलं. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव तिसरे. आणि राज्यात? राज्यात भाजप-सेना एकाच सरकारात. मंत्रालयात मांडीला मांडी, पालघरात गचांडी.

उत्तर भारतीय मतांसाठी योगी आदित्यनाथांना विरारला आणलं. त्यांनी शिवसेनेची तुलना अफझलखानाशी केली. उलट सेनेने धरलं की योगींनी शिवरायांच्या प्रतिमेला हार घालताना पायातल्या खडावा काढल्या नाहीत. त्यावरून उद्धव ठाकरे त्यांना चपलेने मारायची भाषा बोलले. मग भर सभेत ठाकरेंनी एक ध्वनिफीत ऐकवली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस कार्यकर्त्यांना साम, दाम, दंड, भेद वापरायला सांगताहेत, असा आरोप. फडणवीस म्हणाले, आवाज माझाच, पण फीत अर्धवट कापून ऐकवली. आणि त्यांनी पूर्ण फीत बाहेर काढली.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी विरार लोकलमध्ये होतो. डब्यात ती फीत दहा मोबाइलवर वाजत होती. लोक काय करत होते सांगू? हसत होते. भजनीमंडळींनी टाळ बाजूला ठेवले आणि फीत लावली. कुणी चिडलं नाही, कुणी शरमलं नाही. ‘काय सुनावलंय बघ!’ एवढंच. नाटकातला एखादा संवाद पुन्हा ऐकावा तसं ऐकत होते. एक म्हातारे गृहस्थ, कुठेतरी वॉचमन असावेत, गणवेशातच होते. ते तेवढे म्हणाले, ‘अरे, पण ही निवडणूक आदिवासीची ना? आदिवासी कुठाय ह्यात?’ डबा दोन मिनिटं गप्प. मग पुन्हा फीत सुरू.

त्या वॉचमनने जे विचारलं ते एकाही वर्तमानपत्राने मथळ्यात विचारलं नाही. राखीव जागा आदिवासीची, मेलेला खासदार आदिवासी, उभे राहिलेले आदिवासी, आणि भांडणारे? भांडणारे सगळे वरचे. उमेदवार नुसते खुंटीला टांगलेले सदरे. वनजमिनीचे दावे, कुपोषण, सूर्या धरणाचं पाणी कुणाच्या शेताला आणि कुणाच्या नळाला, हे प्रश्न त्या खडावांखाली चिरडले गेले.

२८ मे ला मतदान. निम्म्याहून थोडे जास्त लोक आले. गावित २,७२,७८२. वनगा २,४३,२१०. जाधव २,२२,८३८. गावित २९,५७२ मतांनी निवडून आले. सेना म्हणाली गद्दारी झाली. भाजप म्हणाला जनतेने चोख उत्तर दिलं. जनता गप्प होती.

आता पुढचा अंक. फेब्रुवारी २०१९ मध्ये भाजप-सेनेची युती झाली. पालघरची जागा सेनेला सुटली. आणि सेनेचा उमेदवार कोण? राजेंद्र गावित! तोच माणूस, ज्याच्याविरुद्ध ती फीत वाजवली. दहा महिन्यांत भगवा बदलून आला. कालचा अफझलखान आज जावई झाला आणि आपण वऱ्हाडी. गावित पुन्हा जिंकले, तेही ८८ हजारांवर मतांनी. श्रीनिवास वनगांना त्याच वर्षी पालघर विधानसभा मिळाली, ते आमदार झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचं तिकीट कापलं. मिळालं कुणाला? राजेंद्र गावितांना! दरम्यान गावित पुन्हा भाजपात जाऊन पुन्हा शिंदेंच्या शिवसेनेत आले होते. मी गावितांवर चिखल फेकत नाहीये, दोस्तांनो. ही सगळी जाहीर नोंद आहे. एक माणूस पक्ष बदलतो हे दुखणं नव्हेच. दुखणं हे की २०१८ मध्ये फेकलेल्या एकाही शब्दाची किंमत कुणाला मोजावी लागली नाही. जी शिवी दहा महिन्यांत गिळता येते ती शिवी नव्हे, लिमलेटची गोळी आहे.

मतदारावर काय परिणाम झाला? एक आकडा देतो. २०१८ मध्ये पालघरात ‘नोटा’ला, म्हणजे ‘यापैकी कुणीही नको’ला, १६ हजारांवर मतं पडली. २०१९ मध्ये २९ हजारांवर. महाराष्ट्रात त्या वर्षी सगळ्यात जास्त नोटा याच मतदारसंघात. आता मी लबाडी करणार नाही. २०१९ मध्ये एकूण मतदानही बरंच वाढलं होतं. नोटाची कारणं प्रत्येक पाड्यात वेगळी असतील. सगळा दोष त्या एका फितीवर टाकता येणार नाही. पण २९ हजार माणसं उन्हात रांग लावून, यंत्रासमोर जाऊन, ‘कुणीही नको’ असं सांगून परत जातात, तेव्हा त्यांना काहीतरी बोलायचं असतं. ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

आणखी दोन निवडणुका आपल्या डोळ्यांसमोरच्या. २०१९ ची विधानसभा, नालासोपारा. शिवसेनेने प्रदीप शर्मांना, चकमकफेम पोलीस अधिकाऱ्याला, उभं केलं. सगळा प्रचार एकाच वाक्यावर : इथली दहशत संपवायला आलोय. समोर क्षितिज ठाकूर. ते चाळीस हजारांवर मतांनी निवडून आले. मग १९ नोव्हेंबर २०२४. मतदानाच्या आदल्या दिवशी विरारच्या हॉटेलात बहुजन विकास आघाडीने भाजपचे विनोद तावडे यांना घेराव घातला. आरोप : पैसे वाटताहेत. तावडेंनी साफ नाकारलं. निवडणूक अधिकाऱ्यांनी हॉटेलातून सुमारे ९ लाख ९३ हजार रुपये जप्त केल्याचं सांगितलं. गुन्हे नोंदले. देशभर तोच गवगवा. निकाल? वसईत हितेंद्र ठाकूर तीन हजारांच्या आसपास मतांनी पडले, नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर पडले. एकदा आरोप करणारा पडला, एकदा करणारा पुन्हा पडला. चित्रफीत एकच, पण ज्याने जे ठरवलं होतं तेच त्याला तिच्यात दिसलं.

म्हणजे अमेरिकेत जे निघालं तेच इथे. शिवी मतं आणून देत नाही. मग हे हुशार लोक, ज्यांच्या पदरी पगारी सल्लागार आहेत, ते ती का देतात?

याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. १९५२ ची पहिली लोकसभा, उत्तर मुंबई. दुहेरी मतदारसंघ. प्रत्येकाला दोन मतं, निवडून यायचे दोघे, त्यातली एक जागा राखीव. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते, समाजवाद्यांचे अशोक मेहता त्यांच्या जोडीला. बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. ज्याने देशाची घटना लिहिली तो माणूस! आणि बाद झालेली मतं त्या फरकाच्या कितीतरी पट होती. बाबासाहेब आणि मेहता निवडणूक अर्ज घेऊन गेले. तक्रार ही की डांगे वगैरे कम्युनिस्ट मंडळींनी मतदारांना सांगितलं : दुसरं मत आंबेडकरांना देऊ नका, कुजवा. अर्ज फेटाळला गेला. पण तो शब्द राहिला. मत कुजवणे.

काय नेमका शब्द आहे! माझ्याकडे ये असं नाही म्हणायचं. त्याच्याकडे जाऊ नको, एवढंच. मत चोरायचं नाही, विकत घ्यायचं नाही, कुजवायचं. १९५२ मध्ये ते पेटीत कुजवलं. आज ते डोक्यात कुजवतात. सगळे सारखेच, सगळे चोर, पाण्याचं विचारून काय होणार — एवढं तुमच्या डोक्यात बसलं की काम झालं. तुम्ही मत द्या, खुशाल द्या, कुणालाही द्या. त्या मताला आता दात नाहीत. मघाशी म्हटलं ना, मतदार रांगेत येताना घरी काहीतरी ठेवून येतो? तो प्रश्न ठेवून येतो. प्रश्नाशिवायचं मत म्हणजे कुजवलेलं मत.

तुम्ही म्हणाल, मग पँथरनेही १९७४ मध्ये बहिष्कारच घातला होता. घातला होता. जानेवारी १९७४, मध्य दक्षिण मुंबईची पोटनिवडणूक. गावोगाव अत्याचार होताहेत, गुन्हेगार मोकाट आहेत, मग मत कशाला द्यायचं? ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर दगड आले, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, त्याच डांग्यांच्या कन्या, निवडून आल्या. त्या बहिष्काराने काय साधलं, काय नाही, यावर वाद घाला. घालायलाच हवा. पण एक फरक विसरू नका. त्या बहिष्काराच्या पोटात प्रश्न होता. तो चौकात उभा राहून, नाव घेऊन, मार खाऊन विचारलेला होता. तो नकार होता. आज आपला पोरगा मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून अर्नाळ्याला जातो आणि म्हणतो, ‘सगळे साले सारखेच.’ हा नकार नव्हे, ही किळस आहे. नकाराला हात-पाय असतात. किळस लोळत पडते.

आता आपल्या घरात येऊ, कारण दुसऱ्याच्या अंगणातला चिखल दाखवणं सोपं असतं.

पांढरपेशे आपल्याला म्हणत आले, तुमचं साहित्य शिवराळ, तुमची भाषणं शिवराळ. मग आज मी कुठल्या तोंडाने शिवीगाळीविरुद्ध बोलतोय? याच तोंडाने. आपली शिवी कुठे जात होती बघा. ती खालून वर जात होती. ज्याच्या हातात जमीन, पाणी, पोलीस आणि देव, त्याच्याकडे. ती झाकलेली गोष्ट उघडी करत होती. त्यांची शिवी बरोबरीच्या माणसाकडे जाते आणि उघडी गोष्ट झाकते. चिखल उडतो तेव्हा नजर चिखलाकडे जाते, आणि पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून ते जेव्हा ‘नकारात्मक प्रचार’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. नकार हा शब्द आमचा आहे. तो आम्ही मोल देऊन कमावलाय. तुमच्या भांडणाला तो लावू नका.

पण आपणही कमी नाही. १९७४ मध्येच पँथर फुटली. ढाले आणि ढसाळ यांच्यातला मुद्दा मोठा होता : बुद्ध, मार्क्स, जात, वर्ग. त्यावर शंभर शिबिरं घेता आली असती. पुढच्या गटबाजीत मुद्दा मागे पडला आणि शब्द उरला एकच : विकला गेला. रिपब्लिकन गटांचा सगळा संसार या दोन शब्दांवर चाललाय. एका गटाचा पुढारी दुसऱ्याला विकला गेला म्हणतो, दुसरा पहिल्याला. वस्तीतली बाई दोघांचंही खरं मानते! तिचं काय चुकलं? आणि २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी उभी राहिली तर काँग्रेसवाले म्हणाले, भाजपची बी टीम. अरे, युती का तुटली, जागा किती मागितल्या, मतविभागणी कशी झाली, यावर हवी तेवढी टीका करा. पण बी टीम म्हणताना तुम्ही पुढाऱ्याला नाही, मतदाराला शिवी देता. तुझं मत तुझं नाहीच, कुणीतरी तुला वापरतंय, असं सांगता. १९५२ चीच ती जुनी बुरशी.

आता विचारा, कुजवलेल्या मताने आपलं बिघडतं काय?

२०१८ चा निकाल ३१ मे ला लागला. १० जुलैला, म्हणजे बरोबर चाळीस दिवसांनी, वसई-विरार पाण्याखाली होतं. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, मिठागरात माणसं अडकली, होड्या आणाव्या लागल्या. खाड्या कुणी बुजवल्या, नाले कुणी गिळले, हा प्रश्न चाळीस दिवसांपूर्वी विचारायचा होता. तेव्हा आपण फीत ऐकत होतो.

इथून जवळच, अग्रवाल नगरी. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. एका रात्रीत? इमारत काय अळंबी आहे? वीज आली, घरपट्टी आली, मतदारयादीत नावं आली. उच्च न्यायालयाचा पाडण्याचा हुकूम २०२४ मध्येच झाला होता. नोव्हेंबरात मतदान. तेव्हा नाक्यावर चर्चा कशाची होती? हॉटेलातल्या बॅगेत किती होते याची. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलडोझर आला. दोन हजारांवर कुटुंबं रस्त्यावर. पोरांच्या परीक्षा तोंडावर. ज्यांनी पै पै साठवून खोली घेतली ते बेकायदा ठरले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तीही बेकायदा. नाव काय होतं ठाऊक आहे? रमाबाई अपार्टमेंट. आपल्या आईचं नाव द्यायचं आणि आपलीच माणसं गाडायची!

आणि या सगळ्या काळात जाब विचारायला नगरसेवक नव्हता. जून २०२० ला महापालिकेची मुदत संपली, तिथून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत साडेपाच वर्षं प्रशासक. यावर कुणी कुणाला चपलेने मारायची भाषा केली? नाही. कारण इथे चिखल नव्हता, इथे हिशोब होता.

तर दोस्तांनो, गोड बोला असं सांगायला मी आलो नाही. टीका करूच नका असं तर मुळीच नाही. टीका मेली की लोकशाही मेली. तिकडच्या अभ्यासातही दिसलंय की कामाशी संबंध असलेली टीका लोक कान देऊन ऐकतात, मग ती कितीही कडक असो. विटतात ते घरच्या भानगडींना. म्हणून प्रत्येक आरोपाला चार प्रश्न विचारायला शिका. आरोप कशावर आहे, कामावर की माणसाच्या जाती-गावा-बायकोवर? कागद आहे का? तू त्या जागी काय वेगळं करशील? आणि चौथा, सगळ्यात मोठा : या चिखलाचे शिंतोडे कुणावर उडताहेत? मघाचं स्प्रिंगफील्ड आठवा. इथे पुढारी ‘भय्या’ म्हणतो, ‘बांगलादेशी’ म्हणतो, ‘ते झोपडपट्टीवाले’ म्हणतो, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी गाडीत काचा वर करून बसलेला असतो. शिंतोडे भाजीच्या हातगाडीवर उडतात. उद्या तुमच्या दारावर. परवा कुणाला वेगळं काढायचं हे त्यांना नव्याने शिकावं लागत नाही, आपल्यावर त्यांनी हजारो वर्षं सराव केलाय.

आणि एक काम. आपल्याकडे अध्यक्षीय वादसभा नाही ना? मग आपण वस्तीची वादसभा भरवू. बुद्धविहाराच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात. निवडणूक नसतानाही. खुर्च्या सगळ्यांना सारख्या, माइक एक, घड्याळ समोर. निवडून आलेला आणि पडलेला, दोघांनाही बोलवा. प्रश्न वस्तीतल्या बायांनी लिहून आणायचे. प्रतिस्पर्ध्यावर खुशाल तुटून पडा, पण कागद हातात घेऊन. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा आणि प्रश्न त्या खुर्चीला विचारा. फोटो काढा, फळ्यावर लावा. रिकामी खुर्ची चिखल फेकू शकत नाही.

शेवटचं. आपण बसलोय ते सोपारं आहे. इथल्या स्तूपाला आपण दर पौर्णिमेला जातो. याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, आठव्या आणि नवव्या लेखाचे. बारावा लेख इथे हाती लागला नाही, पण गिरनारला तो आजही वाचता येतो. त्यात तो राजा सांगतो की जिभेला आवर घाला, आपला पंथ मिरवायला दुसऱ्याचा विनाकारण हिणवू नका. भगवान बुद्धानेही सम्मा वाचा सांगितली. पण सम्मा वाचा म्हणजे मिळमिळीत वाचा नव्हे. जे खरं आहे आणि उपयोगाचं आहे ते ऐकणाऱ्याला कडू लागलं तरी वेळ पाहून बोलायचं, हे त्यानेच सांगितलंय. खोटं आणि निरुपयोगी मात्र कितीही चटकदार असो, बोलायचं नाही.

परवा एका चाळीत गेलो होतो. एक मावशी हंडे लावून टँकरची वाट बघत होत्या. मी निवडणुकीचं काढलं, कोण कुणाला काय बोललं ते सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, ते एकमेकांना काय बोलले ते माझ्या नातवाच्या मोबाइलात आहे. ते मला काय बोलले ते सांग.’

मला उत्तर देता आलं नाही. ते त्यांच्याकडून काढून घेणं, हे आता तुमचं-माझं काम आहे.

जयभीम.